विझते कशी, ते सांगा

ह्या शनिवारी खरं तर वेगळ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेल्या आठवड्यात रिलीजसाठी रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबलो होतो, तेव्हा एका मित्रानं बॅगेतून नवी कोरी टॉर्च काढली. मुठीत मावेल एवढी. खोक्यावर ठळक अक्षरात 'दहा हजार लुमेन'. मग काय, अख्खी टीम गच्चीवर. समोरच्या टॉवरच्या बाराव्या मजल्यावर झोत मारून झाला, एका बिचाऱ्या वॉचमनच्या डोळ्यांवर मारून झाला. "भारी आहे बॉस!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

घरी येताना मात्र मला सेलूचे काकाजी आठवत राहिले. सेलू म्हणजे परभणीचं नव्हे, आमचं वर्धा जिल्ह्यातलं. वर्ध्याहून नागपूरकडे निघालात की पवनारच्या पुढे लागतं ते. एकेकाळी केळीच्या बागांसाठी नाव होतं, आता कापूस, सोयाबीन, तूर आणि हिवाळ्यात हरभरा. तालुक्याच्या उत्तरेला बोरचं जंगल आहे. २०१४ साली त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी तो एक. काकाजींचं वावर हिंगणीच्या अंगाला, जंगलाकडे तोंड करून.

आमच्याकडे टॉर्चला टॉर्च कोणी म्हणत नाही. टॉर्च म्हणजे 'बॅटरी', आणि बॅटरी म्हणजे 'सेल'. ही परिभाषा शाळेत शिकवलेल्या विज्ञानाच्या विरुद्ध आहे, पण चूक म्हणता येणार नाही. पुढे दोन्ही शब्द येतील, समजून घ्या.

तर गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी काकाजींसाठी पुण्याहून एक बॅटरी घेऊन गेलो होतो. ऑनलाइन मागवलेली, साडेसातशे रुपयांची, रिव्ह्यू वाचून घेतलेली. 'झोत एक किलोमीटर' वगैरे. चार्जिंगची. सेल घालायची भानगड नाही. काकाजी खूश. मी त्यांच्याहून खूश.

आता ज्यांचा शेतीशी संबंध फक्त भाजी मागवण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. विहिरीवरच्या मोटरला थ्री फेज वीज लागते आणि महाराष्ट्रात शेतीच्या फीडरला ती चोवीस तास नसते. वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत म्हणजे आळीपाळी: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की शेतकरी रात्री ओलीत करतो. म्हणजे डिसेंबरच्या थंडीत, चिखलात, हातात फावडं घेऊन, एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवत फिरतो. सोबत रानडुकरं, रोही, साप, आणि आमच्या भागात पट्टेवाले साहेबसुद्धा.

गेल्या डिसेंबरात अशाच एका रात्री दोनच्या सुमाराला काकाजींची बॅटरी बंद पडली. मिणमिणली नाही, पिवळी पडली नाही. होती आणि नव्हती. अमावस्येच्या आसपासची रात्र. फोन स्वेटरच्या खिशात आणि स्वेटर झोपडीत. काकाजी उभे होते ते विहिरीपासून आठ-दहा पावलांवर, आणि त्या विहिरीला त्या बाजूनं कठडा नाही. नेमकी कुठल्या दिशेला किती पावलं, हे अंधारात फिरल्यावर सांगता येईना. तेव्हा त्यांनी जे शहाण्या माणसानं करावं तेच केलं. आहे तिथेच चिखलात खाली बसले. उजाडेपर्यंत.

मोटर चालू राहिली. दीड एकरातल्या हरभऱ्यात पाणी साचलं, त्यातला बराच पुढे पिवळा पडला. मला हे सगळं काकूंनी सांगितलं. काकाजींनी त्याचा विनोद करून टाकला होता. "रोही दहा पावलांवरून गेला. त्याले वाटलं असन, बुजगावणंच हाय." मी ओशाळून विचारलं, बॅटरी खराब निघाली का? तर म्हणाले, "नाई रे बाबू. तुही बॅटरी लय चांगली हाय. फक्त मरताना सांगत नाई."

टॉर्चच्या भविष्याबद्दल मी आजवर वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा ह्या एका वाक्यात जास्त माल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: टॉर्च किती उजळते हा प्रश्न आता जवळपास सुटलेला आहे. ती कशी विझते आणि विझल्यावर तुम्हाला काय करता येतं, हा प्रश्न मात्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपण बिघडवून ठेवला आहे. आणि 'आपण' म्हणजे आपणच. स्पेसिफिकेशन लिहिणारे, विकत घेणारे, रिव्ह्यूत पाच तारे देणारे.

आधी श्रेय द्यायचं तिथे देतो, नाहीतर म्हणाल की हा जुनं ते सोनं म्हणणारा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी झगझगीत निळा एलईडी करून दाखवला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो, आणि १९९६ पासून असे पांढरे एलईडी बाजारात आले. २०१४ साली आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. मिळायलाच हवं होतं. जुन्या टॉर्चमधला फिलामेंटचा बल्ब एका वॅटमागे दहाएक लुमेन द्यायचा. आज साधा चांगला एलईडी वॅटमागे शंभर लुमेन सहज देतो. प्रयोगशाळेत तर २०१४ मध्येच तीनशेचा आकडा ओलांडला गेला.

आणि नेमकं इथेच शर्यत संपत आलेली आहे. पांढऱ्या प्रकाशाची सैद्धांतिक मर्यादाच वॅटमागे तीनशे ते चारशे लुमेनच्या दरम्यान आहे. प्रोसेसरसारखं दर दोन वर्षांनी दुप्पट असलं काही इथे होणार नाही. तरीही खोक्यांवरचे आकडे दरवर्षी दुप्पट होतात. कसे? थापा मारून. सोपं गणित आहे, डबा खात खात करता येईल. १८६५० नावाचा एक लिथियम सेल असतो: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. चांगला म्हणजे ३००० मिलिअँपिअर-तासांचा, ३.६ व्होल्टचा. गुणाकार करा, साधारण ११ वॅट-तास झाले. वॅटमागे शंभर लुमेन धरले तर अकराशे लुमेन-तास. म्हणजे शंभर लुमेनचा उजेड अकरा तास किंवा हजार लुमेनचा एक तास. त्या मुठीएवढ्या टॉर्चमधून दहा हजार लुमेन काढायचे तर शंभर वॅट लागतील, सेल सहा-सात मिनिटांत रिकामा होईल. खरं तर एवढा करंट तो सेल देऊही शकत नाही, आणि दिलाच तर मूठ भाजेल. ९९०० मिलिअँपिअर-तास लिहिलेले १८६५० सेलही ऑनलाइन मिळतात. त्या आकाराच्या डबीत आजच्या रसायनशास्त्राला तेवढी ऊर्जा कोंबता येत नाही, तेव्हा तो आकडा म्हणजे निव्वळ रंगकाम.

'एक किलोमीटर झोत' ही तशीच गंमत. टॉर्चचा पल्ला मोजायचा एक अमेरिकन मापदंड आहे, एफएल-१ नावाचा, २००९ सालचा. त्यात पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंतचं अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. मापदंड प्रामाणिक आहे, पण त्यातसुद्धा एक मेख आहेच. पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. मग कंपन्या काय करतात, सगळा प्रकाश एका बारीक झोतात कोंबतात. समोरच्या टॉवरवर मारायला उत्तम. पण काकाजींना टॉवर बघायचा नाहीये. त्यांना स्वतःच्या पायापुढची दहा पावलं बघायची आहेत, पसरट उजेडात, दोन्ही हात फावड्यासाठी मोकळे ठेवून. वाळक्या पालापाचोळ्यात घोणस बसलेली असेल तर तिचा तपकिरी रंग पाल्याच्या तपकिरी रंगाहून वेगळा ओळखता आला पाहिजे. भगभगीत निळसर उजेडात सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. काकाजींचं स्पेसिफिकेशन कुठल्याच खोक्यावर छापलेलं नसतं, कारण त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

आता विझण्याकडे येऊ.

माझ्या आजोबांकडे पितळी बॅटरी होती, एव्हरेडीची 'जीवनसाथी'. तीन मोठे सेल. उजेड आजच्या हिशोबानं केविलवाणा. पण तिचा एक गुण होता. जस्त-कार्बनचा सेल उतरत जाताना त्याचा व्होल्टेज हळूहळू पडतो. बल्ब आधी पिवळा, मग नारिंगी, मग निखाऱ्यासारखा लाल. बंद करून पाच मिनिटं थांबलात की थोडी पुन्हा जिवंत. मेलेले सेल आम्ही पोरं उन्हात ठेवायचो आणि ते खरंच एक-दोन रात्री आणखी चालायचे. म्हणजे 'जीवनसाथी' मरायच्या आधी दोन दिवस सांगायची, मग पुन्हा आदल्या संध्याकाळी सांगायची, आणि तरी ऐकलं नाहीत तर घरी पोचेपर्यंत पुरायची.

नव्या टॉर्चमध्ये लिथियम सेल आणि त्यापुढे एक छोटं सर्किट असतं. ते सर्किट शेवटच्या थेंबापर्यंत उजेड एकसारखा ठेवतं. लिथियम सेल फार उतरला तर कायमचा खराब होतो, म्हणून ठरावीक व्होल्टेजला संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. सेलच्या दृष्टीनं हे अगदी बरोबर आहे. माणसाच्या दृष्टीनं हे बिनकठड्याच्या विहिरीशेजारी अचानक झालेलं लोडशेडिंग आहे. आपल्या धंद्यात सर्व्हर असा कोसळला तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये आपली काय गत होते? 'ग्रेसफुल डिग्रेडेशन' हा शब्द आपण इंटरव्ह्यूत फेकतो. इथे त्याचा खर्च किती? अर्ध्या टॉर्चमध्ये आधीच पाच-दहा रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बसवलेला असतो, तो झकपक एसओएस मोडसाठी. त्याच चिपमध्ये वीस ओळींचा कोड: सेल वीस टक्क्यांवर आला की दोनदा लुकलुक, दहावर आला की उजेड निम्मा, पाचवर आला की एक मंद उजेड जो आणखी दोन तास चालेल. चांगल्या कंपन्या हे करतातही. पण तो गुण खोक्यावर येत नाही, म्हणून स्वस्त टॉर्चमध्ये उतरत नाही. खोक्यावर लुमेन येतात.

आणि विझल्यावर? सकाळी मी ती बॅटरी घेऊन सेलूच्या बाजारात गेलो. रेडिओ, पंखे, मोबाइल सगळं दुरुस्त करणारा एक जण आहे तिथे. त्यानं टॉर्च हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवली आणि परत दिली. "साहेब, उघडाले जागाच नाई." एक स्क्रू नाही. प्लास्टिकचे दोन अर्धे भाग कारखान्यातच एकमेकांना वितळवून जोडलेले. त्याच्या टेबलाखाली एक पोतं होतं. त्यात अशाच मेलेल्या बॅटऱ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. त्यातल्या दोन त्यानं आधीच फोडलेल्या होत्या, त्या मला उघडून दाखवल्या. एकीत चार व्होल्टची शिसे-ॲसिडची सीलबंद बॅटरी. ही उतरलेल्या अवस्थेत ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर जमतो आणि पुन्हा चार्ज घेत नाही. म्हणजे पावसाळाभर खुंटीला टांगून ठेवली की संपली. दुसरीचं चार्जिंग सर्किट बघून तर माझ्या पोटात गोळा आला. ट्रान्सफॉर्मर नाही, एक कपॅसिटर आणि चार डायोड. म्हणजे २३० व्होल्टची लाइन आणि आतल्या तारा यांच्यात आडपडदाच नाही. चार्जिंगला लावलेली असताना फुटक्या टॉर्चला ओल्या हातानं धरलं तर काय होईल, ते सांगायला नको.

एलईडी हजारो तास जगतो. त्या पोत्यातल्या दोन-तीन टॉर्चचे एलईडी आम्ही बाहेरून व्होल्टेज देऊन पाहिले, लख्ख पेटले. म्हणजे जो भाग बनवायला नोबेलच्या तोडीचं डोकं लागलं तो ठणठणीत, आणि पन्नास-शंभर रुपयांचा सेल गेला म्हणून सगळं पोत्यात. ह्याला मी प्रगती म्हणायला तयार नाही.

आता थोडं मागे जाऊ, आणि फार लांब नाही, वीसेक किलोमीटरवरच्या वर्ध्याला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. वर्ध्याची मगनवाडी हे त्याचं ठिकाण आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार. कुमारप्पा म्हणजे लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेला, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेला माणूस. चरख्यासमोर डोळे मिटून बसणारा भाबडा नव्हे. त्यांनी तिथे एका दिव्यावर काम करून घेतलं: 'मगनदीप'. हा दिवा रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळायचा. त्यामागचा हिशोब अकाउंटंटचाच होता. रॉकेल बाहेरून येतं, त्यासाठी गावातला पैसा कायमचा बाहेर जातो. बिया मात्र गावातच पडलेल्या असतात, तेल काढणारा तेली गावातच बसलेला असतो. दिवा किती प्रखर आहे एवढंच विचारू नका, तो रोज पेटता ठेवायला तुम्हाला कोणाच्या दारात उभं राहावं लागतं तेही विचारा.

मगनदीपानं रॉकेलला हरवलं नाही. हे कबूल केलंच पाहिजे. आमच्या घरातही कंदीलच होता आणि तो रॉकेलवरच जळायचा. पण त्या कंदिलाकडे बघा. कराडजवळच्या ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रभर माहीत होता. त्याची काच फुटली की लोक काच आणायचे, कंदील नाही. वात संपली की वात. बर्नर गेला की बर्नर. काच पुसणं हे घरातल्या धाकट्या पोराचं रोजचं काम. एका कंदिलावर दोन पिढ्यांचा अभ्यास झाला. इंधन परावलंबी असेल, पण दिवा तुमचा होता. आज उलटं झालंय. वीज घरात आहे, सूर्य डोक्यावर आहे, आणि दिवा मात्र तुमचा नाही. तो आतून बंद आहे.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. एकेक घेतो.

"आता टॉर्च हवीच कशाला? फोनमध्ये असते की." असते. कुलपाचं भोक शोधायला ती पुरते. पाच पावलांपुढे तिचा उपयोग नाही. शिवाय संकटात फोन हा फोन करण्यासाठी लागतो. उजेड आणि मदत दोन्ही एकाच बॅटरीवर टांगून ठेवणं याला आपण काय म्हणतो? सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. प्रॉडक्शनमध्ये असं आर्किटेक्चर तुम्ही मंजूर कराल का?

"शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, प्रश्नच मिटला." शंभर टक्के मान्य. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली त्यासाठीच सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर घेऊन दिवसा पुरवठा करायचा ही कल्पना उत्तम आहे. ती शेवटच्या विहिरीपर्यंत पोचो. रात्रीचं ओलीत बंद होणं हा टॉर्चच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध ठरेल. पण डुकरं दिवसा येत नाहीत. तुरीला शेंगा धरल्या की जागल करावीच लागते. गाय रात्रीच विते. शेवटच्या एसटीनं उतरलेल्या पोरीला फाट्यावरून गावात चालत यावंच लागतं. टॉर्च लागणारच आहे.

"सीलबंद असते म्हणून तर वॉटरप्रूफ असते." चूक. पाणबुडे समुद्राखाली ज्या टॉर्च नेतात त्यांचा सेल बदलता येतो. आट्याचं झाकण आणि रबराची एक गोल रिंग, काम झालं. गोंद लावून जोडणं हे पाण्यासाठी नाही, कारखान्यातले काही पैसे वाचवण्यासाठी आणि पुढच्या वर्षी तुम्ही नवी घ्यावी यासाठी आहे.

"बाजारात लोक स्वस्तच घेतात." लोक स्वस्त घेतात कारण महाग टॉर्चही तशीच मरते, हे त्यांना अनुभवानं कळलेलं आहे. अडीचशेची वर्षभर आणि साडेसातशेची दोन वर्षं, तर अडीचशेची घेणारा माणूस मूर्ख नाही. मूर्ख मी.

पण खरी चपराक मला पुढेच बसायची होती. ह्या सगळ्या प्रकारानंतर मी पुण्यात शोधाशोध करून एक टॉर्च घेतली. सेल निघणारी, कपाळाला बांधायची, पसरट उजेडाची, उतरताना इशारा देणारी. दोन १८६५० सेल, वेगळा चार्जर. छाती फुगवून काकाजींना दिली. त्यांनी झाकण उघडून सेल बाहेर काढला, तळहातावर तोलला आणि विचारलं, "हा सेल सेलूत भेटते काय?"

नाही भेटत. वर्ध्यातही सहजासहजी नाही. आणि सुट्टा भेटू नये असंही काही उत्पादकच सांगतात, कारण संरक्षक सर्किट नसलेला लिथियम सेल खिशात नाण्यांना लागून शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. म्हणजे मी बंद दार उघडून दिलं होतं, पण बाहेर रस्ताच नव्हता. आजोबांच्या 'जीवनसाथी'चा सेल मात्र किराणा दुकानात, पानठेल्यावर, यात्रेत, कुठेही मिळायचा. तीच तिची खरी तंत्रज्ञानातली ताकद होती. आपल्या भाषेत सांगायचं तर टॉर्च बदलत राहील, इंटरफेस स्थिर पाहिजे. जगभर कुठलाही मोठा सेल कुठल्याही टॉर्चमध्ये बसत होता, तो करार आपण मोडला आणि त्याच्या जागी प्रत्येक कंपनीचा वेगळा गोंद आणला.

म्हणून टॉर्चचं भविष्य मला विचाराल तर ते सेलच्या आकारात आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट नावाचं रसायन आता सर्रास मिळतं. ऊर्जा थोडी कमी मावते, पण सहजी पेटत नाही आणि हजार-दोन हजार वेळा चार्ज होतं. त्याचा ३२७०० नावाचा सेल ३२ मिलिमीटर जाडीचा असतो, आजोबांच्या मोठ्या सेलच्या जवळपास तेवढाच, किंचित लांब. ३.२ व्होल्ट, ६००० मिलिअँपिअर-तास, म्हणजे १९ वॅट-तास. दीडशे लुमेनचा पसरट उजेड बारा तास. रात्रीची अख्खी पाळी एका सेलवर निघते आणि थोडा उरतो. हा सेल सरकारनं मापदंड ठरवून एका आकाराचा, संरक्षणासह, प्रमाणित करावा. आणि तो विकण्याऐवजी गॅस सिलिंडरसारखा फिरवावा. सिलिंडर कोणाच्या घरी कुठला आला याची आपण कधी फिकीर करतो का? रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. किराणा दुकानदाराच्या छपरावर एक पॅनेल, काउंटरवर दहा सेलचा चार्जर, बदलीचे पाच रुपये. जुना झालेला सेल परत गोळा करायचं काम उत्पादकाचं, आणि ती जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी त्याच्यावर टाकलेलीच आहे.

हे स्वप्नरंजन वाटतंय? आयआयटी मुंबईनं दहा लाख सौर अभ्यास-दिव्यांचा कार्यक्रम केला तेव्हा दिवे गावातच जुळवले, दुरुस्तीही गावातल्याच माणसांना शिकवली. आमच्याच जिल्ह्यात, देवळी तालुक्यातल्या कवठ्याला, बायकांनी सहकारी तत्त्वावर सौर पॅनेलचा कारखाना चालवून दाखवला. पॅनेल बनवू शकणारा जिल्हा टॉर्चचा सेल बदलू शकणार नाही, असं कोण म्हणेल?

कायद्याचंही घ्या. युरोपियन युनियननं २०२३ साली बॅटरीचा नवा कायदा केला. १८ फेब्रुवारी २०२७ ही त्यातली एक तारीख: तेव्हापासून, काही अपवाद सोडले तर, छोट्या उपकरणातली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आणि बदलता आलीच पाहिजे. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं 'राइट टु रिपेअर'साठी समिती नेमली. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आहेत, गाड्या आहेत. शेतीची अवजारं म्हटलं की साहेबांच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टर येतो. माझं म्हणणं, रात्री ओलीत करणाऱ्या माणसाच्या हातातली बॅटरी हे फावड्याइतकंच शेतीचं अवजार आहे. फावड्याचा दांडा मोडला तर दांडा बदलता येतो. ह्याचाही आला पाहिजे.

तोवर तुम्ही-आम्ही काय करायचं? दिवाळीला गावी टॉर्च नेणारे आपणच असतो. दुकानदाराला किंवा वेबसाइटला लुमेन विचारू नका. तीन गोष्टी विचारा. सेल काढता येतो का? तो सेल जिथे ही टॉर्च जाणार तिथे मिळतो का? आणि ही विझते कशी, सांगून की न सांगता? उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका, आणि का घेतली नाही ते रिव्ह्यूत लिहा. तुमच्यापैकी जे कोणी हार्डवेअरमध्ये, एम्बेडेडमध्ये आहेत त्यांना तर हात जोडून सांगतो: ते वीस ओळींचं फर्मवेअर लिहा. मॅनेजर विचारेल, ग्राहक ह्यासाठी पैसे देईल का. त्याला हिंगणीकडच्या त्या विहिरीवर अमावस्येला रात्री दोन वाजता घेऊन या, पत्ता मी देतो.

काकाजींचं विचाराल तर ते कपाळाची टॉर्च वापरतात. आवडली आहे त्यांना, दोन्ही हात मोकळे राहतात म्हणून. सेल मी पुण्याहून पाठवतो, वर्षातून एकदा, कुरिअरनं. म्हणजे रॉकेल मुंबईहून यायचं तसंच, फक्त आता मी पाठवतो. आणि कमरेला अजूनही एक जुनी दोन सेलची साधी बॅटरी खोचलेली असते. मी विचारलं, आता ही कशाला? तर म्हणाले, "राहू दे. हिचे सेल दुकानात भेटतात."

असो. उद्या रविवार आहे, आणि मला त्या मित्राच्या दहा हजार लुमेनवाल्या टॉर्चचं झाकण उघडून बघायचं आहे. झाकण असलं तर.